सासू कोणत्या पानावर बदलली

त्या रविवारी पाच वाजता आमच्या घरचं वाचनाचं मंडळ उठलं अन् सव्वासहाले आमचे हे गेले. छातीत कळ आली म्हणे, खुर्चीवर बसले ते उठलेच नाई. देवीदास नाव त्यायचं. स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्ष क्रेन चालवली. वर केबिनमध्ये आठ आठ घंटे एकटे, बोलाले कोणी नाई. म्हणून रिटायर झाल्यावर स्मृति नगरच्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, मराठी पुस्तकं वाचाचं मंडळ चालू केलं. एक जण मोठ्यानं वाचे, बाकीचे पाच ऐकत. मंग भांडण.

मी किचनमधून ऐको. तिसरी पास मी. मले जे वाटे ते यायले सांगो, हे बाहेर जाऊन सांगत, "घरून असं म्हणणं आलं हाये."

मंडळातले ओमप्रकाशजी हसत, "देवीदासभाऊ, तुमचं स्वतःचं काही मत हाये का नाई?"

त्या दिवशी पुस्तक संपलं. त्यात एक खडूस सासू होती, सुनेले शिलाई मशीनले हात लावू देत नव्हती. शेवटी तीच मशीन सुनेच्या खोलीत नेऊन ठेवते. वसुंधराबाई शाळेत मास्तरीण होत्या. त्याईनं विचारलं, "सासूच्या स्वभावात बदल कुठं झाला?"

हे म्हणे, "बदली तं शेवटच्या पानावर झाली."

"बदल म्हणा भाऊजी. बदली नोकरीत होते."

"नोकरीत ऑर्डर तरी येते बाई! इले ऑर्डर कोणं देली? एकदम कशी बदलली?"

सारे हसले. मंग साऱ्याईचं ठरलं, लिहिणाऱ्यानं घाई केली, अशी बाई बदलत नसते.

हे पाणी प्याले आत आले तं मी म्हटलं, "घाई कायची? ती आधीच बदलली होती. तुमचं कोणाचं ध्यान नव्हतं."

"कुठं?"

मी सांगितलं. याईनं गिलास खाली ठेवला. "सिंधू, हे मी नाई सांगत. तुयं तू चालून सांग."

"मले लाज वाटते. तिथं मास्तरीणबाई हाये."

"दहा वर्षापासून तुयंच सांगून राहिलो. पुढच्या रविवारी येशीन?"

"पाहू," म्हटलं. आमचं शेवटचं बोलणं तेच.

तेरवी झाल्यावर पहिल्या रविवारी मंडळी आली. ओमप्रकाशजी म्हणे, "वहिनी, पुस्तकं घेऊन जातो. आता माह्या घरी जामुलले बसू. तुमाले तकलीफ नको." वसुंधराबाई पिशवी भरून राहिल्या होत्या. मी दारातच उभी होती.

म्हटलं, "ती सासू शेवटच्या पानावर नाई बदलली."

ओमप्रकाशजी म्हणे, "मंग कुठं?"

"सून चोरून मशीन चालवते, तिच्या हातून सुई तुटते. सासू पाहते. रोज दिवसभर बडबड करणारी बाई, त्या दिवशी एक शब्द बोलत नाई. तिथंच बदलली ती."

वसुंधराबाईनं भरलेलं तेच पुस्तक पिशवीतून परत काढलं. "कोणतं पान, सिंधुताई?"

"पान मले नाई माहीत. मी तं ऐकलं फक्त."

ओमप्रकाशजीनं चष्मा लावला, पानं चाळली. सापडलं तसे तिथंच खाली सतरंजीवर बसून वाचाले लागले. मीही बसली.

"भाऊजी, थोडं जोरात वाचा," म्हटलं. "मागच्या वेळी कुकर वाजून राहिला होता, अर्धं सुटलं माह्यं."