आनयुआनचा मुकादम

हौसेराव मोहिते म्हणजे कांदा-बटाटा मार्केटातला माथाडी. शाळा सातवीपर्यंत, पाठीवर पोती वाहण्यात तीस वर्षं गेलेली. पण चीनचा विषय काढा, गडी थांबायचा नाही! रद्दीतल्या एका पुस्तकात त्यानं आनयुआनच्या खाणकामगारांचा १९२२ सालचा संप वाचला आणि तेव्हापासून त्याला त्याचंच वेड. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आपल्या हमालांच्या टोळीला तो हेच ऐकवायचा. "हौसा, तुझ्या चिन्यांनाबी भाकरी वाढ की रं!" अशी चेष्टा व्हायची, पण ऐकायचे सगळे.

लेक राजनंदिनी एम.ए. करत होती. घणसोलीतल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत तिनं बापाचं नाव परस्पर देऊन टाकलं. समितीतले एकदोघे हसले, "हमाल चीनवर बोलणार?" ती फणकारली, "बोलणार! फजिती झाली तर मी पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही." हे कळल्यावर हौसेराव आधी नाहीच म्हणाला. स्वतःची फजिती त्यानं हसून पचवली असती. पण पोरीला चारचौघांत खाली बघायला लागलं तर?

तरी उभा राहिला पठ्ठ्या, आणि काय बोलला! तेरा हजार कामगार, दहा-दहा जणांचे गट. कालपर्यंत गुरं होतो, आता माणूस व्हायचंय, ही त्यांची घोषणा. पाच दिवस संप टिकला आणि मालकाला नमावं लागलं. लोक कान देऊन ऐकतायत म्हटल्यावर हौसेराव रंगात आला. "आणि त्यांचा मुकादम! सगळ्यांत जड पाटी त्याची. संपातबी तोच पुढं!"

पहिल्या रांगेतून सुनयना मॅडम उठल्या. त्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. "बाकी सगळं बरोबर आहे हौसेराव, पण हे चुकलं. तिथले मुकादम ठेकेदार होते. पाटी उचलत नव्हते, मजुरांची मजुरी खात होते. कामगार त्यांच्यावरही चिडलेले होते."

समितीतल्या एकानं खाकरून राजनंदिनीकडे बघितलं. हौसेरावाच्या पुस्तकातली मुकादमांची पानं फाटलेली होती; तेवढा भाग त्यानं आपल्या टोळीवरून भरून काढला होता.

"चुकलो, मॅडम," तो म्हणाला. "माझा बाप मशीद बंदरला असल्याच मुकादमाखाली राबला. मजुरीतला वाटा त्याला द्यायचा, वर शिव्या खायच्या. बाप आन् त्याच्या संगतीची माणसं लढली, माथाडी कायदा आला, आन् तसला मुकादम गेला. मी बाजारात आलो तवा आमचा मुकादम आमच्यासंगं पोतं उचलत हुता. न उचलणारा मुकादम माझ्या डोक्यात कुठनं येणार? माझ्या बापानं मला तो बघूच दिला न्हाई!"

पहिली टाळी सुनयना मॅडमची पडली, मग सगळं सभागृह उठलं. राजनंदिनी रडत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून सांगत होती, "ते माझे पप्पा आहेत."