दौंडच्या खोलीचा भत्ता

एकोणीसशे पासष्ट साली माझं पोस्टिंग पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात, सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून होतं. रँक लेफ्टनंट. वय तेवीस, अक्कल त्याहून बरीच कमी. शिरूरला मिशनच्या आवारात वाढलेली मी. खांद्यावर दोन स्टार लागल्यापासून सुट्टीवर घरी गेले की कोंबड्यांनाही ऑर्डर द्यायची. कोंबड्या ऐकत नसत. वॉर्डातले जवान ऐकत, बिचाऱ्यांना इलाज नव्हता.

सकाळी राउंड, मग ड्रेसिंग, मग रिपोर्ट. असं चाललेलं असताना एका सकाळी नाईक दगडू कपडे घालून वॉर्डाच्या दारात उभा दिसला. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले.

"बेडवर जा. ऑर्डर आहे."

"सिस्टर, दौंडला जाऊन येतो. सांजच्याला हजर."

"टाके उसवतील."

"उसवू द्या. बायको गावाकडं निघालीय. ती गेली तर हेबी लेकरू जाईल."

दगडू मांडवगण फराट्याचा. पहिल्या खेपेला बायको, हौसा, तिथं अडली. बैलगाडीतून नदी ओलांडून दौंडला आणेपर्यंत मूल गेलं. म्हणून या खेपेला त्यानं दौंडात दवाखान्याजवळ खोली घेतली होती. घरमालक आप्पा, रेल्वेतले रिटायर ड्रायव्हर. सगळं ठीक चाललं होतं. मग पलटण आघाडीवर जाणार अशी बातमी आली आणि आप्पांनी भाडं घेणं बंद केलं. लढाईवर निघालेल्याच्या बायकोकडून पैसे घ्यायचे नाहीत, म्हणाले. फुकट राहायचं नाही, असं हौसा म्हणाली, आणि तिनं बोचकं बांधलं.

दगडूला मी बेडवर पाठवलं. "उद्या माझी सुट्टी आहे. मी जाते," म्हणाले.

आता भत्त्याचं सांगते. फौजीच्या कुटुंबाला सरकारनं क्वार्टर द्यायचं. क्वार्टर थोडी, फौजी फार. ज्याला मिळालं नाही त्याला बदल्यात घरभत्ता. तो खोली केवढी यावर नाही, हुद्दा कोणता आणि गाव कोणत्या वर्गातलं यावर ठरायचा. पण कुटुंब खरंच भाड्यानं राहतंय असा घरमालकाचा दाखला लागे. भाडं नाही, तर भत्ताही नाही.

नियमांचं पुस्तक मागवून दुपारभर मी दगडूच्या भत्त्याचा हिशोब मांडला आणि रुबाबात हवालदार क्लार्कपुढं ठेवला. त्यानं चष्मा वर केला.

"मॅडम, रेट लेफ्टनंटचा लावलाय. पेशंट नाईक आहे."

"अच्छा."

"आणि गाव दौंड. आपण पुणे धरलंय."

मी दोन्ही आकडे खोडले.

"बेरीज मात्र बरोबर आहे," तो म्हणाला. भला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म घालून दौंडला उतरले. हौसा बोचक्यावरच बसली होती, सातवा सरलेला. आप्पा दारात उभे.

"आप्पा, भाडं घ्यायचं. ऑर्डर आहे."

"कुणाची?"

"माझी."

"मी रेल्वेतला मानूस, बाई. माझ्यावर सिग्नलची ऑर्डर चालती. बसा, च्या घ्या. कुठल्या तुम्ही?"

"शिरूरच्या."

"मंग आपल्याच हाय की." ते खाली बसले. "तिकडं तो गोळ्या खाणार आन् मी हितं त्याच्या घरचं भाडं खाऊ? दौंडात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का?"

हौसा म्हणाली, "फुकटच ऱ्हायाचं तर दिराचं घर काय वाईट होतं? रोज जेवताना ऐकून घ्यायचं, एवढंच."

"मी ऐकवीन व्हय गं तुला?"

"तुम्ही न्हाई ऐकवायचं, आप्पा. म्हणून तर जास्ती जड जातंय."

गाडीत पाठ केलेलं भाषण तयार होतं. देश, कर्तव्य, शिस्त. ते त्या दोघांपुढं निघेनाच. जे नियमांच्या पुस्तकातून आणि क्लार्ककडून शिकले होते तेवढंच बोलले.

"आप्पा, हे पैसे दगडूच्या पगारातले नाहीत. सरकारनं त्याला घर द्यायचं, सरकारकडं घर नाही. म्हणून सरकार भाडं देतंय. तुम्ही नको म्हणालात तर ते हौसाकडं राहत नाहीत. सरकारकडंच राहतात."

आप्पांची बशी तोंडाशी थांबली.

"म्हंजी भाडेकरू ही न्हाई, सरकार हाय?"

"तसंच धरा."

"मंग सरकारला मी फुकट का ठिवू?" ते उखडलेच. "आमचं काय कमी घेतलंय त्यांनी? किती देतंय नाईकाला?"

मी सांगितलं. नाईकाचा रेट, दौंडचा दर. आप्पांच्या भाड्यापेक्षा तो कमीच भरत होता.

"मंग भाडं तेवढंच," आप्पा म्हणाले. "सरकारची ऐपत तेवढीच दिसती."

हौसा हसली नाही. तिनं बोचक्याची गाठ सोडायला घेतली.

वॉर्डात परतून हे दगडूला सांगितलं, तर तो पोटावर उशी दाबून हसला. टाके सांभाळ म्हणून मी ओरडले. बरा झाल्यावर मेडिकल बोर्डानं त्याला फिट ठरवलं. जाताना "येतो, सिस्टर," एवढंच म्हणाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात पंजाबच्या आघाडीवर नाईक दगडू पडला. मुलगी झाल्याची तार त्याला पोचली होती. खंदकात त्यानं ती सगळ्या सेक्शनला वाचून दाखवली, असं जखमी होऊन आमच्याच वॉर्डात आलेल्या त्याच्या सोबत्यानं सांगितलं. मी त्या सोबत्याचं ड्रेसिंग पुरं केलं.

पुढं सुट्टी मिळाली तेव्हा दौंडला गेले. हौसा दवाखान्यात आया म्हणून लागली होती. लेक पाठीशी बांधून नुकतीच घरी आली होती, पहिला पगार हातात. दगडू गेल्यावर भत्ता बंद झालेला, आता सरकार भाडेकरू नव्हतं. काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

हौसानं आप्पांपुढं पैसे धरले. "ह्या महिन्याचं भाडं."

आप्पांनी एकदा लेकराकडं पाहिलं. मग हात पुढं करून पैसे घेतले. न घेणं त्यांना फार सोपं गेलं असतं.