देवी आल्या

पूर्णगडाकडे देवीची साथ असल्याचे कळले, तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती. तिला टोचून कधी घेता येते, याची मी वाटच पाहत होतो. एका सकाळी नगरपालिकेचा शिपाई आळीत ओरडत आला, "देवी आल्यात हो! पोरं बाहेर आणा!"

आईने मुलीला कडेवर घेतले आणि आतून दाराला कडी घातली. "देवी आल्या नि पोरं बाहेर?"

"अगं आई, टोचणारे आलेत," मी म्हणालो. "देवी येऊ नयेत म्हणून देवी काढतात."

"येऊ नयेत म्हणून काढतात, तर हा मेला आल्या म्हणून का बोंबलतो?"

मी पुढे होऊन कडी काढली.

दंडावर चार टोचे पडले. आठवड्याने त्यांतले तीन फुलले, तशी आईने घरात फोडणी बंद केली आणि मुलीच्या उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला. टोचणारे गृहस्थ तपासायला आले. त्यांनी दंड पाहून विचारले, "आल्या ना देवी?"

"आल्या," आई हात जोडून म्हणाली.

"छान," म्हणत ते पुढच्या घरी गेले.

त्या साथीत मुलीला काही झाले नाही. पण आई आणि ते टोचणारे एकाच देवीबद्दल बोलत होते का, हे मला अजून उमगलेले नाही.