हलक्या हाताचा रुद्रप्पा

सोलापूरच्या त्या दवाखान्यात स्ट्रेचर उचलणारे चौघे होते. पण हाड मोडलेला रोगी फोटोला, म्हणजे एक्स-रेला, न्यायचा म्हटलं की डॉक्टर रुद्रप्पालाच हाक मारायचे. वॉर्ड वर, फोटोची खोली खाली, मधे एकोणीस पायऱ्या. रुद्रप्पाच्या हातात बावीस वर्षांत कुणी ओरडलं नाही असं सगळे म्हणायचे, आणि तो स्वतः तर जरा जास्तच म्हणायचा!

एकोणीसशे चौतीस साली फोटोचं चाकांवरचं यंत्र आलं. आता रोग्यानं खाटेवर पडून राहायचं, फोटोवालं यंत्रच त्याच्यापाशी येणार. ते ढकलायचं काम मिळालं खाजाभाईला. परवापर्यंत बाटल्या धुणारा माणूस, आता 'बाजू व्हा, बाजू व्हा' करत वॉर्डातून ऐटीत फिरायचा. रोगी त्यालाच विचारायचे, "खाजाभाई, आमचा नंबर कधी?" रुद्रप्पा मनात म्हणायचा, गाडा काय, कुणीही ढकलतो! रिकामं स्ट्रेचर पुसत तो दिवसभर जळफळायचा.

अशात माढ्याची गोजरबाई मांडीचं हाड मोडून आली. यंत्र यायच्या आधीच रुद्रप्पा तिच्या कानाशी लागला. "मावशी, त्या यंत्रानं रगत आटतंय. मी नेतो की खाली. माझा हात हलका हाय."

धडधडीत खोटं! पण म्हातारी घाबरली. यंत्र दिसताच तिनं हात जोडले. डॉक्टरांनी समजावलं, रागे भरले, शेवटी कंटाळून म्हणाले, "न्या खाली." खाजाभाईचं तोंड उतरलं, आणि रुद्रप्पाला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मागचं टोक जोडीदाराकडं देऊन त्यानं जीव ओतून तिला उतरवलं. एक धक्का बसू दिला नाही. म्हातारी हूं की चूं नाही. खाली आल्यावर, मागोमाग आलेल्या खाजाभाईला ऐकू जाईल अशा बेतानं त्यानं मुद्दाम विचारलं, "दुखलं का मावशी?"

तिनं तोंडात कोंबलेला पदराचा बोळा काढला. दातांनी तो पार फाटला होता, त्याला रक्त लागलं होतं.

"न्हाय रं अण्णा. लई जपून आणलंस."

रुद्रप्पा त्या पदराकडं बघतच राहिला. मग त्याला आठवू लागले बाकीचे सगळे. दातांत धरलेलं उपरणं. स्वतःचंच मनगट चावणारा तो गिरणीवाला. चेहऱ्यावर ओढून घेतलेल्या चादरी. त्यानं कधी कुणाच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं, नुसते कान दिले होते.

फोटो झाला. गोजरबाईला परत स्ट्रेचरवर घेतलं.

"वर बी तूच ने हां," ती म्हणाली, आणि तिनं पदर पुन्हा तोंडात धरला.