पहिली की दुसरी?

डोळे उघडले की गणिताच्या बाई पाणी मागत नसत, 'मी कुठे आहे' असंही विचारत नसत. समोर जो दिसेल त्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "पयली काय दुसरी गो?"

समोर बहुतेक वेळा मीच असे. मालवणजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होते, त्या गणित. राहायलाही आम्ही शेजारी शेजारी. बाईंना लहानपणापासून फिट येई. महिन्यातून एखादा दिवस तसा उजाडे. कधी एकीवरच भागे, कधी दोन-तीन तासांनी दुसरी येई. दोन्ही प्रकारचे दिवस मोजले तर जवळजवळ सारखेच भरत. दर फिटीनंतर त्या पंधरा-वीस मिनिटं झोपत आणि उठल्यावर त्या दिवसाची सकाळ डोक्यातून पुसलेली असे. दुसरीनंतर पहिली आठवत नसे, आणि पहिलीनंतर आपण जाग्या झालो होतो हेही नाही. म्हणून तो प्रश्न.

तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील, ज्यांचं दुखणं सगळ्यांनी अंगवळणी पाडून घेतलेलं असतं. आमचा शिपाई हुंगवायला कांदा घेऊन धावायचा. एकदा बाई उठून बसल्या, नाकापुढचा कांदा बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो घराक व्हर. आमटीत घाल, कामाक येतलो."

एकदा कुठल्याशा मासिकात त्यांना एक कोडं सापडलं. एका बाईला झोपवतात आणि रुपया उडवतात. छाप पडली तर तिला एकदाच उठवायचं. काटा पडला तर दोनदा, पण पहिलं उठणं औषधाने विसरायला लावायचं. डोळे उघडल्यावर तिला विचारायचं, छाप पडली असण्याची शक्यता किती?

"माजीच गोष्ट छापल्यानी!" बाई भलत्याच खूश. "सांग बघया."

"अर्धी," मी म्हटलं. "रुपयाला बाजू दोनच."

"धा दिस धर. पाच एकीचे, पाच दोघींचे. माजे डोळे कितीदा उघडले?"

"पंधरा वेळा."

"त्यातले एकीच्या दिसाचे पाच. पंधरात पाच, म्हंजे तिसरो हिस्सो. तुजा अर्धा खंय गेला?"

"पण बाई, तुम्ही कितीदा उठलात ते त्या रुपयाला कुठे माहीत?"

"तू मराठीचीच रवलंस," असं म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हा वाद आमचा वर्षानुवर्षं चालला, भाजी निवडताना, एसटीची वाट बघताना. मी आजही अर्ध्यावरच आहे.

प्रत्यक्षात मात्र बाई हिशोबावर चालत नसत, आमच्या उत्तरावर चालत. पहिली असेल तर संध्याकाळपर्यंत विहिरीवर जायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, होडीत चढायचं नाही. दुसरी असेल तर मोकळ्या, कारण तिसरी कधीच येत नसे.

मग त्यांच्या भाचीचा साखरपुडा ठरला, खाडीपलीकडे. बाईंचं लग्न झालं नव्हतं. बिनआईची ही पोर त्यांनीच वाढवलेली. त्या सकाळी माझ्या घरी नवी साडी नेसता नेसता फिट आली. उठल्या तेव्हा अर्ध्या निऱ्या हातातच होत्या. "पयली काय दुसरी गो?"

पहिलीच होती. त्यांच्या नियमाने साखरपुडा बुडाला असता.

"दुसरी," मी म्हटलं. "झालं आता. चला."

त्यांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

दोनेक तासांनी होडी खाडीच्या मध्यावर आली आणि त्यांचा हात माझ्या हातात ताठ झाला. मी त्यांना फळीवर कुशीला वळवलं, होडीवाल्याने वल्हं टाकून त्यांचे पाय धरले. होडी कलली, पाणी आत आलं, साडी भिजली. एवढंच झालं, असं आज लिहिता येतं. तेव्हा मला फक्त होडीच्या काठावरून पाण्याकडे झुकणारं त्यांचं डोकं दिसत होतं.

पलीकडे माडाखाली त्या जाग्या झाल्या. विचारलं. "दुसरी," मी म्हटलं. साखरपुड्यात त्या ओल्या साडीने हसत बसल्या होत्या.

पहिलीनंतर आपण होडीत कशा चढलो, हे त्या गडबडीत त्यांनी विचारलं नाही; मी गप्प राहिले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"त्या सकाळचा माज्याकडे कायच नाय गो. तू सांगतलंस तोच माजो दिस. तूच खोटा सांगलंस, तर मगे मी इचारूचा कोणाक?"

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि फोटोंचं पाकीट घेऊन दारात उभ्या. एकेक फोटो दाखवत गेल्या. भाचीला कुंकू लावतानाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "नाय गेलंय असतंय तर जल्मभर रडलंय असतंय. तरी परत असा करू नको."

पुन्हा केलं नाही. त्यानंतर कितीदा तरी "पहिलीच, बाई" म्हणताना त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. जत्रा बुडाल्या, सहली बुडाल्या. त्या निमूटपणे पिशवी खुंटीला अडकवून माझ्याजवळ बसून राहत.

निवृत्तीनंतर भाची त्यांना आपल्याकडे मिठबावला घेऊन गेली. पुढच्याच वर्षी तिचा फोन आला. दुपारी जेवून पडल्या, त्या झोपेतच गेल्या, जराही त्रास झाला नाही, असं ती म्हणाली. फोनवर ती थोडी जास्तच भरभर बोलत होती. तसंच झालं होतं, की हे माझ्या समाधानासाठी होतं, ते मी विचारलं नाही.

"बरं झालं गो सांगितलंस," एवढं म्हटलं आणि तिचं रडणं थांबेपर्यंत फोन कानाला धरून उभी राहिले.