सुभानाच्या दोन म्हशी

"ताई, बैठकीत जरा बरं वाचा," तात्या म्हणाले.

मी भिंग खाली ठेवलं. "बरं म्हणजे?"

"म्हंजी... त्या म्हशी नका घेऊ."

मुळशीत तात्यांच्या ओट्यावर मी सकाळपासून त्यांच्या घरचा जुना कागद वाचत बसले होते. मोडी वाचणं हा माझा धंदा. मोडी म्हणजे मराठीच, फक्त हात न उचलता सरसर ओढलेली. पुण्यात एका रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं सर्व्हिस केली, रिटायर झाले, आणि आता लोक घरचे कागद वाचायला बोलावतात. बहुतेकांना आपला पूर्वज सरदार निघावा असं वाटतं. निघतो शेतकरी. मग दुसऱ्या चहाबरोबर बिस्किटं येत नाहीत.

तात्यांकडे हा कागद 'सनद' म्हणून देवघरात होता. सनद म्हणजे सरकारने दिलेला हक्काचा लेख. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत. चार पिढ्या पूजा झाली, वाचला मात्र एकानेही नाही. मधल्या तीन ओळी कुंकवाने लालभडक. मी डोक्याला हात लावला आणि कामाला लागले.

भानगड अशी होती. गावच्या जत्रेत पालखीपुढे पहिला नारळ फोडायचा मान या घराण्याचा. पण घराण्याच्या शाखा दोन. एक तात्यांची, दुसरी त्यांचे लांबचे चुलतभाऊ नाना यांची. दोघं म्हणत, मान आमचाच. घरं समोरासमोर, आणि बारा वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. शेवटी तात्यांनीच जाहीर केलं, की सनद वाचून घेऊ, तीत ज्याचं नाव त्याचा नारळ. दुपारी देवळात बैठक ठरली. हिंजवडीला नोकरी करणारी पोरंसुद्धा रजा टाकून आली.

आणि सनद निघाली कतबा. कतबा म्हणजे लिहून दिलेली कबुली. देणारा सुभाना, तात्यांच्या शाखेचा मूळपुरुष. मजकूर सरळ होता. शेजाऱ्याच्या दोन म्हशी चोरून नेल्या, चूक झाली, पुन्हा करणार नाही.

"आन मानाचं?" तात्यांनी विचारलं.

"मानाबद्दल एक अक्षर नाही. पण पुढे आहे अजून, जामिनाचं..."

"पुढचं नगं." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "ताई, नाना मला गावात तोंड दावू द्यायचा न्हाई."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. "तात्या, तीस वर्षांत मी एक वेलांटी इकडची तिकडे केलेली नाही. तुमच्यासाठी दोन म्हशी कशा गायब करू? नको असेल तर बैठक रद्द करा."

"रद्द केली तर नाना म्हनंल, कागदच खोटा."

"मग आहे तसा वाचणार."

तात्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "वाचा. पर आदी जेवून घ्या."

जेवण उत्तम होतं. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

देवळात मी वाचायला सुरुवात केली. म्हशी आल्या आणि एकच हशा झाला. सगळ्यात मोठ्याने नाना. वाळकुडा माणूस, पांढरी टोपी, पण आवाज लाउडस्पीकरसारखा. "आरं, हीच व्हय सनद? येवडी वरसं चोराच्या कबुलीला कुकू लावत व्हते जनू!" पोरांनी मोबाइल वर केले. तात्या फरशीकडे बघत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"गप्प बसा!" मी ओरडले. "कागद संपलेला नाही."

पुढे वाचलं. सुभानाला जामीन राहिला त्याचा धाकटा भाऊ खंडू. सुभानाने पुन्हा चोरी केली, तर खंडूने आपलं ओढ्याकडचं भातखाचर सरकारात जमा करावं.

हशा थांबला. दोन्ही घरांना वंशावळ तोंडपाठ. खंडू म्हणजे नानांच्या शाखेचा मूळपुरुष.

"आमचा खंडू?" नाना म्हणाले. "चोराला जामीन ऱ्हायला?"

"भावाला राहिला," मी म्हटलं.

मागून कुणीतरी विचारलं, "मग परत चोरली का सुभानानं?"

"ते यात नाही. त्याला दुसरा कागद लागेल."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. जणू म्हशी आत्ताच त्यांच्या गोठ्यात सापडल्या होत्या. माझं काम तिथे संपत होतं.

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ताई, वढ्याकडचं खाचर म्हनला न्हवं?"

"हो."

"ते खाचर आमचंच हाय. बापजाद्यापास्नं. औंदा बी त्यात इंद्रायणी भात काढला. सरकारात कदी गेलंच न्हाई." मग ते वळले आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा थेट बोलले. "तात्या, म्हंजी न्हाई चोरली रं त्यानं. शबूद पाळला."

तात्यांना बोलायचं होतं, पण रडूच फुटलं. सगळ्यांदेखत, अगदी हुंदके देऊन. माझाही चष्मा धूसर झाला. नाना उठले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

नारळाचा निकाल लागायचा होता. नाना म्हणाले, तू थोरल्याचा, तू फोड. तात्या म्हणाले, जामीन तुमचा, नारळ तुमचा. भांडण पुन्हा अर्धा तास चाललं, फक्त उलट्या बाजूने. अखेर नानांनी फोडायचं ठरलं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: 'मानाबाबत उल्लेख नाही. जामीनखत मोडले नसावे. आधार: नानांचे खाचर, तोंडी माहिती, विश्वासार्ह.'

सर्व्हिसमध्ये असताना मी तोंडी माहिती रिपोर्टात कधी घेतली नाही. घ्यायला हवी होती.