आतडीवाल्या सिस्टरचा फोन

या बाईंबद्दल चांगलं लिहायची मला मुळीच हौस नाही. पण खोटं लिहायचं एकदा करून बसलोय, दुसऱ्यांदा नको.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे त्यांची खोली. दारावर आजाराचं लांबलचक नाव आहे, पेशंट मात्र म्हणतात 'आतडीवाल्या सिस्टर'. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज भाजीवाल्याला लाजवील असा. बावीस वर्षं ऑपरेशनच्या वॉर्डात काढली. आतडं कापून पोटाला पिशवी लावलेली तरुण पोरं भिंतीकडे तोंड करून पडलेली बघितली, आणि हे काम हट्टाने मागून घेतलं. कापायची वेळच येऊ द्यायची नाही, हे काम. नवरा शिंपी. पिशवीवर घालायची मऊ खोळ तो घरी शिवून देतो.

नवा पेशंट आला की त्या त्याला आधी संडास दाखवतात. "हा एक, तो कोपऱ्यात दुसरा. आता बस निवांत." कपाटात धुतलेल्या विजारी, कुणाला अचानक लागल्या तर. मग विचारतात, दिवसातून किती वेळा, रक्त किती, झोपेतून उठावं लागतं का. जणू चहात साखर किती विचारताहेत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, ठकीच्या, मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. आई-बाप गेल्यावर मीच तिला वाढवली. तिची औषधं हॉस्पिटलात मिळावीत म्हणून अकरा दिवस दारात ठिय्या दिला. आणि मला उत्तर काय? "बरी आहे, दादा." सिस्टरांना मात्र दर मंगळवारी फोन. अर्धा अर्धा तास, वर खिदळणं.

"काय बोलता एवढं?"

"पोटाचं."

"मग मला सांग की."

"तुला सांगितलं की तू मोर्चा काढतोस."

अंगाचा तिळपापड झाला. त्यातच मी पेशंटांचा मेळावा घेतला. भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात सिस्टर मागच्या दाराने आल्या, आणि सगळ्या माना तिकडे! त्याच दुपारी तक्रार ठोकली: डॉक्टरांना न विचारता नर्स फोनवर उपचार सांगते. प्रत्येक फोन त्या वहीत लिहितात, औषधाचा प्रश्न आला की आधी डॉक्टरांना गाठतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लिहिली. चौकशी होईपर्यंत फोन बंद.

पुढच्या मंगळवारी ठकीने नंबर फिरवला, कुणी उचलला नाही. मग ती माझ्याकडे आली. "दादा, गुडघे ठणकतायत. काय घेऊ?"

आजार सुरू झाल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं! मी असा फुललो की काय सांगू. मोर्चानंतर पाय दुखले की मी ज्या गोळ्या घेतो, त्याच दिल्या. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. सहाव्या दिवशी बाथरूममधून किंकाळी आली. भांडं रक्ताने लाल.

तशीच तिला हॉस्पिटलात नेली. सिस्टरांनी वजन केलं, नाडी बघितली. "नवीन काय घेतलंस?"

"काही नाही," ठकी जमिनीकडे बघत म्हणाली. मला वाचवत होती ती.

"ठके, आतडं वाचवायचंय की कुणाची अब्रू?"

मी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "मी दिल्या."

"या गोळ्यांनी असलं आतडं आणखी सोलवटू शकतं. पहिल्याच भेटीत सांगते मी. तेव्हा तुम्ही खाली वॉचमनशी भांडत होतात." एवढं बोलून त्या डॉक्टरांकडे धावल्या.

ठकीला भरती केलं. शिरेतून औषध सुरू झालं. ऑपरेशनचे डॉक्टरही येऊन पोट दाबून गेले: तिसऱ्या दिवसापर्यंत फरक नाही पडला तर आतडं कापायचा विचार करावा लागेल. सिस्टर ठकीच्या फेऱ्या मोजत होत्या. पहिल्या दिवशी चौदा. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी पाच. पाच ऐकून मी जिन्यात जाऊन बसलो.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा म्हणालो, "ती तक्रार माझी होती."

"माहीत आहे. मोर्चाच्या घोषणांमुळे तुमचं अक्षर अख्ख्या वस्तीच्या भिंतींवर आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"चौदा वेळा उठणारी मुलगी पुढ्यात असताना तुमच्याशी कधी भांडू? सवड झाली की भांडीन. सोडणार नाही."

तसाच ऑफिसात गेलो. लिहून दिलं: तक्रार खोटी आहे, मत्सरापोटी केली होती.

क्लार्क म्हणाला, "असं लिहितात का कुणी? 'गैरसमजातून' लिहा."

"गैरसमज नव्हताच. शिक्का मारा."

उद्यापासून फोन सुरू, असा हुकूम घेऊन वर आलो. सिस्टर ठकीच्या उशाशी बसलेल्या. ठकी त्यांच्या कानात काहीतरी सांगत होती. मला बघताच दोघी गप्प.

"काही काम होतं?" सिस्टरांनी विचारलं.

असा जळफळलो म्हणता! तरी हुकमाचा कागद पलंगाच्या कडेला ठेवला, "चालू द्या तुमचं," म्हणालो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.